फुकट वाचनालय

निवृत्त झालात, पेपर साडेआठलाच वाचून संपतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडायला नवा विषय उरलेला नाही. दुपार काही केल्या सरत नाही ना? मग चष्मा घ्या आणि जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याचं ऑफिस गाठा. वाचनालयात निदान वर्गणी तरी भरावी लागते, इथे सगळं फुकट. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ज्यांना लग्न करायचं असतं, त्यांची नोटीस एका वहीत ठेवतात आणि ती वही कोणालाही, एक पैसा न देता बघता येते. वही मागायला संकोच वाटत असेल तर फळ्यापाशी उभे राहा. तीच नोटीस तिथे लावलेली असते.

काचेवर बोटांचे ठसे दिसले, तर समजा तुमच्याआधी कोणी जाणकार येऊन गेलाय. घाई नको. मुलाचं नाव, मुलीचं नाव, वय, कामधंदा, आधी लग्न झालंय का, राहता पत्ता, तिथे किती दिवस राहतात. आडनावं जुळत नसली की कागद दोनदा वाचा. (जुळत असली तरी वाचा, वडिलांचं नाव फार बोलकं असतं.) पेन विसरलात? मोबाईल आहे की! मुलीच्या वडिलांना फोटो पाठवताना खाली फक्त ‘काळजीपोटी’ लिहा आणि जोडलेले हात टाका.

आता हरकत. त्यासाठी हातात तीस दिवस आहेत. तुम्ही नात्यातलेच हवेत असं नाही, कायद्याला कोणीही चालतो. कारणं मात्र मोजकीच चालतात: पहिला जोडीदार हयात आहे, मुलगा २१ चा नाही, मुलगी १८ ची नाही, नातं निषिद्ध आहे, अशी. ‘जात वेगळी’, ‘धर्म वेगळा’ ही भक्कम कारणं कायदा करणाऱ्यांच्या लक्षातच आली नाहीत. तरी हिंमत सोडू नका. हरकत आली की अधिकाऱ्याला चौकशी करावीच लागते, आणि त्यासाठी त्याच्याकडे आणखी तीस दिवस असतात. तेवढ्यात मुलीला मावशीच्या गावी नेऊन ठेवता येतं. हरकत खोडसाळ ठरलीच, तर भरपाई जास्तीत जास्त १००० रुपये. १९५४ साली ती रक्कम जड होती. आज बऱ्या हॉटेलात दोन थाळ्या येतात.

हिंदू विवाह कायद्याच्या लग्नांत मात्र तुमची निराशा होईल. तिथे आधी नोटीसच नाही, थेट अक्षता.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, म्हणून बिचकू नका. विशेष विवाह कायद्यातलं नोटिशीचं कलम जागच्या जागी आहे. केरळने २०२० मध्ये या नोटिसा वेबसाइटवर टाकणं बंद केलं. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितलं की जोडप्याने लेखी मागणी केली तरच नोटीस लावा. तिकडच्या काकालोकांच्या दुपारी कशा जात असतील, विचार करवत नाही.

फळ्यावर नवीन काही नसलं तर जन्म-मृत्यूच्या खिडकीकडे जाऊ नका. १९६९ च्या कायद्यानुसार तिथे दाखला कोणालाही मागता येतो खरा, पण मृत्यूचं कारण त्या दाखल्यात द्यायचं नाही, अशी ताकीद आहे. मेलेल्या माणसाच्या खासगी गोष्टी सरकार जपतं. जिवंत, लग्नाळू माणसाचा फ्लॅट नंबर हवा असेल तर परत फळ्याकडेच या. ऑफिस जेवायला बंद असलं तरी अडत नाही, फळा बाहेरच असतो.