नकाशात पाखाडी नाही

जुलै लागला की आमच्या चिपळूणच्या ग्रुपवर कोणीतरी लिहितंच, पुरात लोकांना बाहेर काढायला एखादं अ‍ॅप का नाय करत रे? परवा मलाच टॅग केलं, का तर मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

नुसता जवळचा रस्ता शोधणं कधीच सुटलंय. १९५६ साली डाइकस्ट्रा नावाचा डच माणूस होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमला, अ‍ॅमस्टरडॅमला कॉफी प्यायला टेकला आणि तिथेच २० मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय त्याने ती रीत बसवली. पण ती एकट्या माणसाच्या कामाची. पेठेतल्या हजार जणांनी एकदम विचारलं तर हजारांना तोच रस्ता दाखवणार, मग कोंडी ठरलेलीच. २००५ ला रीटा वादळाच्या धास्तीने अमेरिकेतल्या ह्यूस्टनची माणसं एकदम गाड्या काढून निघाली आणि हायवेवर तासन्‌तास अडकली, कितीतरी जण त्या प्रवासातच दगावले. त्यामुळे असल्या वेळी रस्ता लांब किती हे दुय्यम, त्यातून तासाला माणसं किती निघतील आणि तो बंद कधी होईल हे आधी धरावं लागतं, आणि काही जणांना मुद्दाम लांबून पाठवावं लागतं (आमचे शेजारी गपचूप लांबून जातील का, हा वेगळाच विषय).

आणि बंद कधी होईल हे सांगणार कोण? २२ जुलै २०२१, चिपळूणच्या पुराची पहाट. ताई-भावोजी आईला घेऊन गाडीने निघणार, मोबाईल बाजारातून निळी रेघ दाखवतोय, सहा मिनिटं. जिन्यात खालचे आबा लुंगी खोचून उभे. "उजाडताना भरती लागेल, मग हे पाणी खाडीत उतरायचं नाही. बाजारात गाडी घालू नका, मागच्या पाखाडीने चढा." पाखाडी म्हणजे जांभ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या, कुठल्याच नकाशात नाहीत. भावोजी आईला पाठुंगळीला मारून चढले, तिची एक चप्पल तिथेच राहिली. गाडी नंतर बघितली तर स्टिअरिंगपर्यंत चिखल.

पण म्हणून सगळ्यांना डोंगराकडे पळा सांगून पण चालत नाही हो, त्याच दिवशी महाडकडे तळीये गावावर दरड आली. आणि २०१६ ला महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल रात्री वाहून गेला तेव्हा मागून येणाऱ्या गाड्यांना पुढे पूल नाही हे कळायला काही मार्गच नव्हता.

तर मला विचाराल तर अ‍ॅप नंतर. आधी वाडीवाडीत आबांसारखी माणसं गाठून लिहून घ्या, कुठलं वळण पहिलं बुडतं, कुठली पाखाडी म्हातारं माणूस चढू शकतं, कुठल्या डोंगराला भेग आहे. हिशोब कॉम्प्युटर करेल, पण उत्तर कागदावर छापून जिन्यात लावा, कारण पुरात टॉवर आधी जातात.

मी गणपतीला चार दिवस आहे. आबांबरोबर पेठ ते डोंगर चालत फिरायचं ठरलंय. यायचं त्यांनी सकाळी सातला या, छत्री आणा, आबा थांबत नाहीत कोणासाठी.