वीरगळाला कोणता रंग शोभेल?

तुमच्या गावाच्या वेशीवर, मारुतीमागं किंवा एसटी थांब्याजवळ एखादा कोरीव दगड उभा असेल तर आधी अभिनंदन. निधी खर्चायला जागा मिळाली.

तो काय आहे याच्या चौकशीत पडू नका. चौकशी केली की कळतं, आणि कळलं की हात थांबतो. शेतात सापडला असेल तर कुणाला कळवूही नका, जमीन जाईल. मुकाट्यानं बांधावर पालथा घाला.

रंगकाम मात्र जीव ओतून करा. गेल्या रविवारी एक वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, बघायला गेलो होतो. सहा वर्षांपूर्वी वही-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसलो होतो, तोच. चार कप्प्यांचा, कमरेएवढा. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाला आडवा पडलेला वीर, त्यावर लढाई, मग त्याला घेऊन निघालेल्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडीपाशी हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर चंद्र-सूर्य. ह्या दगडात तळाच्या वीरामागं तीन गाई होत्या. म्हणजे हा गडी गुरं पळवणाऱ्यांना आडवा गेला आणि तिथंच पडला. नाव कोरलेलं नाही, बहुतेक वीरगळांवर नसतंच. त्या तीन गाई हीच काय ती त्याची ओळख.

आता तो सोनेरी आहे. ऑइलपेंटचे दोन हात. अप्सरांच्या नाकाडोळ्यांत रंग साचून त्या गुळगुळीत झाल्यात. पिंडीला लाल, शत्रूच्या घोड्याला आकाशी (का, ते विचारू नका). बुडाशी सुशोभीकरणाचा ओटा: पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग आणि कोबा. कोबा थेट लढाईच्या कप्प्याला टेकलाय. वीर आत, गाई आत. आता बघणाऱ्याला वाटेल, हा माणूस उगाच भांडला आणि स्वर्गात गेला.

टपरीवाल्या काकांना विचारलं, रंग कुणी दिला? म्हणाले, "देवाचं काम हाय, पोरांनी केलं. झ्याक दिसतंय न्हवं?" काकांवर रागावता येईना. सकाळचं जास्वंदीचं फूल त्यांनीच वाहिलं होतं.

फलक लावायचा तर दगडापेक्षा मोठा लावा. तिथला काळ्या ग्रॅनाइटचा आहे. त्यावर अकरा नावं, पदांसकट. दगडाबद्दल दोनच शब्द: 'पुरातन शिल्प'. 'सुशोभीकरण' दोनदा आलंय, दोन्ही वेळा वेगवेगळं चुकलंय.

शिलालेख असेल तर अक्षरांवरून खिळा फिरवा, उठून दिसतात.

नाहीतर काहीच करू नका, तेही चालतं. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांच्या वाचनाप्रमाणे शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना. तोसुद्धा वर्षानुवर्षं रस्त्याकडेला ऊन-पाऊस खात उभाच होता की. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मागताना आपण नाणेघाटातला ब्राह्मी लेख पुढं केला. २०२४ मध्ये दर्जा मिळाला. दगडांचं काम संपलं.

कायद्याची धास्ती नको. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा, दोन्ही कायदे संरक्षित स्मारकांची काळजी घेतात. वेशीवरचा दगड सहसा कुठल्याच यादीत नसतो.

कोकणावर राज्य केलेल्या शिलाहार राजांना मात्र माणसांची पारख होती. दान दिलं की त्या दगडावर गाढव कोरून ठेवायचे: जो हे मोडील त्याच्या आईला... पुढचं चित्रात स्पष्ट आहे. अक्षीच्या दगडावरही आहे.

पण बास झालं आता. अहो, दगडाला रंग लागत नाही! काळा पाषाण आहे तो, शेकडो पावसाळे उघड्यावर काढलेत त्यानं, तुमच्या डब्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. आणि आता वायरब्रश घेऊन धावू नका, रंगाबरोबर नक्षीही खरवडून निघेल. जाणकाराला बोलवा, तोवर हात लावू नका. ओटा बांधायचाच होता तर हातभर लांब बांधायचा होता. अंदाजपत्रक झालं, मंजुरी झाली, नारळ फुटला, फोटो निघाले, आणि अकरा जणांपैकी एकालाही वाकून बघावंसं वाटलं नाही, की आपण नेमकं काय गाडतोय? तुमच्याच गावची गुरं वाचवताना मेला तो. त्याच्या डोक्याशी स्वतःची नावं लावताना लाज कशी वाटली नाही? आधी तो कोबा फोडा. ब्रेकर लावून नाही, छिन्नीनं, हळूहळू, वरून कडेकडेनं. गाई बाहेर काढा.