ते वेदमंत्र नाहीत, तो लिगेटीचा 'रेक्विएम' आहे

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक क्लिप फिरते आहे. '२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८ सालच्या चित्रपटातला तुकडा आहे. पहाटे आदिमानव जागे होतात, समोर एक काळी शिळा उभी असते आणि मागे माणसांच्या आवाजांचा अंगावर येणारा कल्लोळ ऐकू येतो. खालचा मजकूर सांगतो की हे वेदमंत्र आहेत, भारतीय पुरोहितांकडून ते खास ध्वनिमुद्रित करून घेतले. शिळा म्हणजे शिवलिंग. लेखक आर्थर क्लार्क श्रीलंकेत राहिल्यामुळे त्याला हे सुचलं. आणि सगळं संगीत स्ट्राउस नावाच्या एकाच संगीतकाराने या चित्रपटासाठी रचलं.

असले फॉरवर्ड मी एरवी उघडतही नाही. पण जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेले माझे मामा ज्येष्ठ नागरिक संघातल्या भाषणात हे सांगायला निघाले, तेव्हा लिहायलाच बसलो.

मंत्रांचं आधी पाहू. त्या प्रसंगात वाजतो तो ग्योर्गी लिगेटी या हंगेरियन संगीतकाराच्या 'रेक्विएम'मधला 'किरिए' हा भाग. यासाठी शोध लावावा लागत नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीतच लिहिलं आहे: लिगेटीचा 'रेक्विएम', बव्हेरियन रेडिओचा वाद्यवृंद, संचालक फ्रान्सिस ट्रॅव्हिस. शेवटपर्यंत चित्रपट पाहिला असता तरी पुरे होतं. 'रेक्विएम'चा पहिला प्रयोग १९६५ साली स्टॉकहोममध्ये झाला, म्हणजे चित्रपटाच्या तीन वर्षं आधी. शब्द आहेत 'किरिए एलेइसन', प्रभू दया कर. वसईत किंवा गोव्यात लहानपणापासून चर्चमध्ये जाणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि कानांचं काय? वेदपठणाची सगळी परंपराच अक्षर न् अक्षर स्वच्छ राखण्यासाठी आहे. उदात्त, अनुदात्त, स्वरित हे उच्चारातले चढउतार जागच्या जागी हवेत, एक मात्रा इकडची तिकडे झालेली चालत नाही. लिगेटीने नेमकं उलट केलं. समूहगायनाचे पाच गट, प्रत्येकाचे पुन्हा चार भाग, असे वीस आवाज. एकाच गटातले आवाज तीच चाल किंचित अंतराने, आपापल्या लयीत धरतात. त्यामुळे शब्द विरघळतात आणि उरतो तो हळूहळू सरकणारा नादाचा ढग. याला वेदपठण म्हणणाऱ्याने दोन्हींपैकी एकही नीट ऐकलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. 'रेक्विएम' म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना. ट्रान्सिल्व्हेनियातल्या ज्यू कुटुंबात १९२३ साली जन्मलेल्या लिगेटीचे वडील आणि धाकटा भाऊ नाझी छळछावण्यांत मेले. आई आउशविट्झमधून जिवंत परतली. त्याला स्वतःला हंगेरियन सैन्याच्या सक्तीच्या मजूर तुकडीत राबावं लागलं. हंगेरीतला १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर तो सीमा ओलांडून व्हिएन्नाला पळाला. अशा माणसाने लिहिलेल्या रचनेवरचं त्याचं नाव पुसायचं, कुणा अज्ञात पुरोहितांच्या नावावर ती चढवायची आणि वर अभिमान बाळगायचा, हे मला सहन होत नाही.

त्याचं नाव पुसलं जाण्याचा धोका त्याच्या हयातीतही होताच. संगीतशास्त्राच्या अभ्यासक यूलिया हाइमरडिंगर यांनी लिगेटीची पत्रं आणि कागदपत्रं तपासून या प्रकरणावर २०११ साली सविस्तर लेख लिहिला आहे. मी मुख्यतः त्यावर विसंबून आहे. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक लिगेटीशी एका शब्दाने बोलला नव्हता. आपलं संगीत किती वापरलंय हे लिगेटीला चित्रपट पाहूनच कळलं. 'आत्मोस्फेर', 'लुक्स एतेर्ना', 'रेक्विएम' आणि 'आवांत्यूर' अशा चार रचना, त्यातली शेवटची तर मोडतोड करून. काही परवानग्या प्रकाशक आणि रेडिओ केंद्रांमार्फत घेतल्या होत्या, पण संगीतकाराला अंधारात ठेवून. तो भांडला आणि शेवटी तडजोड झाली. चित्रपट मात्र त्याला आवडला होता. १९८४ च्या '२०१०' या पुढच्या भागातही 'लुक्स एतेर्ना' आहेच. चित्रपटासाठी खास संगीत रचलं होतं ते ॲलेक्स नॉर्थने. तेही कुब्रिकने वगळलं आणि नॉर्थला ते चित्रपट पाहतानाच कळलं.

शिवलिंगाबद्दल काय बोलायचं! क्लार्कच्या कादंबरीत शिळेच्या बाजूंचं प्रमाण १:४:९ दिलं आहे, म्हणजे पहिल्या तीन संख्यांचे वर्ग. चांगली ठोकळेबाज शिळा आहे ती. आणि ज्या कथेतून ही कल्पना वाढली ती 'द सेंटिनल' क्लार्कने १९४८ साली लिहिली. तो श्रीलंकेत राहायला गेला १९५६ मध्ये.

स्ट्राउस एक नव्हे, दोन, आणि त्यांचं एकमेकांशी नातंही नाही. सुरुवातीचे तुतारीचे स्वर म्युनिकच्या रिखार्ड स्ट्राउसचे, १८९६ सालचे. अंतराळस्थानक फिरताना वाजणारा 'ब्लू डॅन्यूब' हा वॉल्ट्झ व्हिएन्नाच्या योहान स्ट्राउसचा. तो १८९९ मध्येच वारला.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. कुब्रिकच्याच 'आइज वाइड शट' या १९९९ च्या चित्रपटात गीतेतला श्लोक खरंच होता, तोही एका कामुक प्रसंगात. हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला आणि नंतरच्या आवृत्त्यांत तो बदलला गेला. बहुधा त्याचीच अर्धवट आठवण कुणीतरी ३१ वर्षं मागे ढकलली असावी. त्या चित्रपटातही लिगेटी आहे, पण तिथे तो एकट्या पियानोवर वाजतो. संस्कृतचाच अभिमान मिरवायचा असेल तर खरी उदाहरणं आहेत. 'मेट्रिक्स'च्या तिसऱ्या भागाच्या शेवटी 'असतो मा सद्गमय' आहे, 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या २००४ च्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र आहे, आणि फिलिप ग्लासचा 'सत्याग्रह' हा अख्खा ऑपेरा गीतेतल्या संस्कृतात गायला जातो. मामांना हीच यादी पाठवली आहे.