आठ चिठ्ठ्या, तीन संघ आणि ‘११ टक्के’

फुटबॉलचा हंगाम आला की कोल्हापुरात पेठापेठांच्या ग्रुपवर काय काय फिरतं ते सांगायला नको. सध्या एक मेसेज चार ग्रुपवरून माझ्याकडे आलाय. दावा असा: ‘स्पर्धेत आठ संघ, त्यातले तीन आपल्या पेठेचे. आठ संघांच्या जोड्या २८, त्यात पेठेतल्या पेठेत फक्त ३. म्हणजे पहिल्याच फेरीत आपलेच दोन संघ भिडायची शक्यता ३/२८, जेमतेम ११ टक्के. तरी भिडले. गेल्या वर्षीही भिडले. सलग दोनदा म्हणजे १ टक्का. चिठ्ठ्यांत सेटिंग आहे.’

मी बारावीच्या गणिताची शिकवणी घेतो. या हिशोबाच्या जोरावर चिठ्ठ्या काढणाऱ्या माणसाला लोक चोर म्हणायला लागलेत, म्हणून लिहितोय.

२८ बरोबर आहे. पहिला संघ ८ प्रकारे, दुसरा ७ प्रकारे, झाले ५६. पण ‘अ विरुद्ध ब’ आणि ‘ब विरुद्ध अ’ ही एकच मॅच, म्हणून निम्मे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आठ झरोक्यांच्या महालाचं उदाहरण आहे, त्यातले दोनच झरोके उघडायचे प्रकारही २८च. तिनांतून दोन निवडायचे प्रकार ३, तेही मान्य.

घोळ पुढे आहे. ३/२८ हे उत्तर ‘आठांतून एकच जोडी काढली, तर ती पेठेतली निघेल का?’ या प्रश्नाचं आहे. पहिल्या फेरीत मॅच चार असतात! दहावीला ‘समसंभाव्य निष्पत्ती’, म्हणजे घडायची सारखीच शक्यता असलेले निकाल, शिकलो ना, इथे ती निष्पत्ती म्हणजे एक जोडी नव्हे, अख्खा ड्रॉ, म्हणजे चारही मॅचच्या जोड्या मिळून.

मग ड्रॉ मोजू. कुठलाही एक संघ धरा, त्याला प्रतिस्पर्धी ७. उरलेल्या सहांतला एक धरा, त्याला ५. उरलेल्या चारांतल्या एकाला ३, शेवटचे दोन आपोआप. ७ × ५ × ३ = १०५ ड्रॉ. आता पेठेतली जोडी ३ प्रकारे निवडा; बाकी सहा संघांच्या जोड्या ५ × ३ = १५ प्रकारे लागतात. ३ × १५ = ४५. पेठेचे संघ तीनच, त्यामुळे एका ड्रॉमध्ये अशा दोन जोड्या होऊच शकत नाहीत आणि काही दोनदा मोजलं जात नाही. शक्यता ४५/१०५, म्हणजे ३/७, जवळपास ४३ टक्के.

उलट बाजूनेही ताळा जमतो. तिघांनाही बाहेरचा प्रतिस्पर्धी मिळायचे प्रकार ५ × ४ × ३ = ६०, आणि उरलेले दोन बाहेरचे एकमेकांशी. ६० आणि ४५, १०५.

माझी मुलं इथे ३/२८ ला सरळ चारने गुणतात. उत्तर येतं, पण ते पेठेचे संघ तीनच असल्यामुळे. पेठेचे संघ चार असते तर ६/२८ चौपट करून ६/७ आलं असतं, आणि ते चूक. तिथे एकही जोडी न जमायचे ड्रॉ २४, म्हणून खरी शक्यता ८१/१०५, साधारण ७७ टक्के. अशा दोन जोड्या असलेले ड्रॉ दोनदा मोजले गेले की असं फुगतं.

काल क्लास सुटल्यावर दोन पोरांना थांबवलं. वहीच्या पानाच्या आठ चिठ्ठ्या केल्या, तिनांवर पेनाने ठिपका दिला, स्टीलच्या डब्यात हलवून दोन-दोन काढत गेलो. वीस ड्रॉ केले, आठ वेळा ठिपकेवाले एकत्र आले. वीस ड्रॉ म्हणजे पुरावा नव्हे, पुरावा वरची मोजणी. पण हातात चिठ्ठी घेतल्यावर पोरांना ती पटली.

दोन वर्षांचं थोडक्यात: दोन्ही वर्षी असेच आठ आणि तीन असतील, तर ३/७ × ३/७ = ९/४९. १ टक्का कुठला, १८ आहे.

ड्रॉ स्वच्छच होता, असं या आकड्यांवरून मी म्हणत नाही. कुणी चिठ्ठी वेगळी दुमडलेली पाहिली असेल तर ते समोर येऊन सांगावं, त्याची चौकशी व्हावी. पण ‘आपलेच दोघे भिडले’ एवढ्यावरून कुणावर बोट ठेवू नका. आणि पेठेतले संघ पहिल्या फेरीत भिडू नयेत असं सगळ्यांना वाटत असेल, तर ते चिठ्ठ्या काढायच्या आधी ठरवा: तिघांना तीन वेगळ्या मॅचमध्ये बसवा, मग बाकी पाचांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका. तरीही ६० ड्रॉ शिल्लक राहतात.