भाग न लावता संख्या मूळ आहे हे कसं ठरवलं? बोरिवलीच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

चार कोटींहून जास्त अंकांच्या मूळ संख्येवरचा (१ आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी, ती मूळ संख्या) माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "चार कोटी अंकांची संख्या कुणी भागून पाहिली? संगणक म्हणाला मूळ, की आपण माना डोलवायच्या? आणि बँकांना तिचा उपयोग होतो, हे तुम्ही सांगितलंच नाही." फोर्टातल्या बँकेत खतावण्या तपासण्यात हयात गेलेल्या माणसाने पुरावा मागावा, याचा मला आनंद वाटला.

बँकेचं आधी संपवतो. बँका माहिती कुलूपबंद करायला आरएसए नावाची पद्धत वापरतात; तीत लागणाऱ्या मूळ संख्या साधारण ३०० अंकी असतात आणि त्या गुप्त राहिल्या तरच कामाच्या. जगजाहीर संख्या तिथे निरुपयोगी, म्हणून तसं लिहिलं नाही.

आता भागून पाहण्याचं. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ही २०२४ मध्ये सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी संख्या कुणीही भागून पाहिलेली नाही, पाहणं शक्यही नाही. तिच्या वर्गमुळालाच दोन कोटींवर अंक आहेत! पण एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे अवयव न शोधताही सिद्ध होतं. ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवलं की २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही, तेव्हा तिचा एकही अवयव कुणाला माहीत नव्हता. ते १९०३ मध्ये कोल या अमेरिकी गणितज्ञाने दिले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

ल्यूकाची ही कसोटी लेमर या अमेरिकी गणितज्ञाने पुढे नेमकी केली. ती २ चा घात वजा १ अशा संख्यांसाठी आहे. घातांक विषम मूळ घ्यायचा. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा; ही झाली एक फेरी, पुढची त्या बाकीपासून. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या फेऱ्या. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. दोन्ही बाजूंनी पक्कं, 'बहुधा मूळ' असं काही नाही.

३१ घ्या, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. फेऱ्या तीन. ४ चा वर्ग १६, वजा २, झाले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२; बाकी शून्य. विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या होईल. संगणक याच फेऱ्या १३ कोटींहून जास्त वेळा करतो. त्यात यंत्र चुकू शकतं, ही तुमची शंका रास्त आहे. म्हणूनच हा निकाल वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी पुन्हा काढून मगच जाहीर केला गेला.

पण माझ्यावरही विश्वास ठेवू नका. २०४७ घ्या, २ चा ११ वा घात वजा १. फेऱ्या नऊ, कागद-पेन पुरेल. बाक्या अशा येतील: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणजे २०४७ मूळ नाही. ती २३ गुणिले ८९ आहे, पण या नऊ फेऱ्यांत २३ आणि ८९ तुम्हाला कुठेच भेटणार नाहीत.