त्रिकोण डिकीच्या तळाशी होता

दोन वर्षांपूर्वीची रात्र. गाडीत आम्ही पाच जण, डिकी काठोकाठ भरलेली, मागच्या काचेतून काहीही दिसत नव्हतं आणि टपावरच्या कॅरिअरला आणखी दोन बॅगा. हायवेवर गाडी मागून हलकेच डुलायला लागली. आधी मला वाटलं वारा आहे. मग थडथड आवाज सुरू झाला आणि स्टिअरिंग जड झालं.

कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले आणि उतरलो. मागचं चाक पूर्ण बसलेलं. जॅक, पाना, स्टेपनी आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण हे सगळं गाडीत होतं, अगदी कंपनीने दिलं तसं, जागच्या जागी. फक्त ते डिकीच्या फळीखाली होतं आणि फळीवर आमचा सगळा संसार रचलेला होता.

अंधारात मी एकेक बॅग काढून रस्त्याच्या कडेला ठेवत होतो. शेजारून ट्रक गेला की आख्खी गाडी हलायची. वडील मोबाइलचा टॉर्च धरून माझ्या पाठीशी उभे, म्हणजे येणाऱ्या रहदारीच्या थेट तोंडाशी.

"बाबा, तुम्ही आधी कठड्यापलीकडे जा."

"अरे, मग तुला दिसायचं कसं?"

त्रिकोण हाती यायला दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. एखाद्या पेंगुळलेल्या ड्रायव्हरला आम्ही दिसलो नसतो तर पुढचं लिहायची गरजच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी टायरवाल्याने टायर रिमवरून उतरवला आणि आत हात घालून मूठ माझ्यापुढे उघडली. मूठभर काळी पूड. टायरची बाजूची भिंत आतून गोल घासून गेली होती, धागे दिसत होते. "खिळा-बिळा काही नाही साहेब. हवा कमी आणि वजन जास्त."

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: गाडी भरणं हा ड्रायव्हिंगचाच भाग आहे, आणि तोच आपल्याला कुणी शिकवत नाही. क्लच शिकवतात, रिव्हर्स शिकवतात, खुणा पाठ करून घेतात. पण ही गाडी किती वजन उचलू शकते, हे मला लायसन्स मिळून पंधरा वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

मॅन्युअल उघडून बघा. त्यात गाडीचं रिकामं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातला फरक म्हणजे माणसं आणि सामान मिळून तुम्हाला मिळालेली मुभा. (काही कंपन्या रिकाम्या वजनातच ड्रायव्हर धरतात, तेवढं पाहून घ्या.) माझ्या गाडीत तो फरक ४३० किलो. ऐकायला भरपूर वाटतो. पाच माणसं सरासरी ७० किलोची धरली की ३५० तिथेच गेले. उरले ८०. आमच्या डिकीत वीस-वीस किलोच्या चार बॅगा होत्या, म्हणजे ते ८० पण संपले. टपावरचं, कॅरिअरचं स्वतःचं वजन, पायाशी कोंबलेल्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, हे सगळं त्याच्यावर. डिकीचं झाकण लागलं म्हणजे सामान मावलं, असं आपण समजतो. झाकण लागतं जागेच्या हिशोबाने, टायर चालतात वजनाच्या हिशोबाने. या दोन हिशोबांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतो. बहुतेक गाड्यांच्या स्टिकरवर हवेचे दोन आकडे दिलेले असतात, एक हलक्या गाडीसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. माझ्या गाडीत मागच्या चाकांसाठी ते ३० आणि ३६ आहेत. मी वर्षानुवर्षं ३० वर चालवत होतो, कधी कधी २८ वर, आणि प्रवासाला निघतानाही तेच. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला जमिनीशी दबतो आणि परत उघडतो, मिनिटाला शेकडो वेळा. तार वाकवून-वाकवून गरम होते ना, तसाच टायरचा रबर आतून तापतो. वजन वाढलं की दबणं वाढतं, वेग वाढला की फेरे वाढतात. उन्हात तापलेला रस्ता असेल तर त्यात आणखी भर. शेवटी आतले धागे सुटतात आणि बाहेरून कुठलीच खूण नसलेला टायर जातो.

हवा तपासायची ती थंड टायरची, निघताना, दोन-तीन किलोमीटरच्या आत. चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो. तो बघून हवा सोडू नका, नाहीतर टायर थंड झाल्यावर ती कमी भरते. आणि डॅशबोर्डवरच्या टायरच्या दिव्यावर विसंबून राहू नका. हवा साधारण पाचव्या-चौथ्या हिश्श्याने उतरली की तो लागतो. म्हणजे ३६ हवी असताना ३० असेल तर तो शांतच बसेल.

सामान किती याच्याइतकंच ते कुठे ठेवलंय हेही महत्त्वाचं. सगळ्यात जड वस्तू सगळ्यात खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. डिकीच्या अगदी तोंडाशी ठेवलेलं वजन मागच्या चाकांच्याही मागे लोंबतं आणि तरफेसारखं पुढची बाजू वर उचलतं. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटतं, ओल्या रस्त्यावर वळताना गाडी सरळ जायला बघते, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हेडलाइट खालीवर करायची ० ते ३ आकड्यांची छोटी चकती बऱ्याच गाड्यांत असते, ती याच कामासाठी. समोरचे लोक सारखे डिपर देत असतील तर त्यांच्यावर चिडायच्या आधी ती चकती फिरवा.

टपाबद्दल माझं मत जरा कडक आहे. कॅरिअर आहे म्हणून त्यावर काहीही बांधायचं नसतं. साध्या कारच्या टपाला ५० ते ७५ किलोचीच परवानगी असते आणि बहुतेकदा कॅरिअरचं वजनही त्यातच धरायचं असतं. तेवढं वजन उंचावर गेलं की वळणावर गाडी जास्त झुकते आणि आडव्या वाऱ्यात हलते. हलकं आणि फुगीर सामान वर, जड सामान खाली. आम्ही नेमकं उलटं केलं होतं, कारण जड बॅगा शेवटी आल्या आणि तोवर डिकी भरली होती.

आणि सुटं सामान. तीन ठिकाणी अडकवायचा सीटबेल्ट १९५९ साली नील्स बोलिन या स्वीडिश इंजिनिअरने आणला, तेव्हापासून माणसाला गाडीत बांधून घ्यायची सोय आहे. सामानाला ती सोय आपण करत नाही. ताशी ५० च्या वेगात गाडी आदळली तर सुटी वस्तू क्षणभर तिच्या वजनाच्या तीस-चाळीस पट जोराने पुढे येते. मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेली दोन किलोची पेटी म्हणजे साठ-ऐंशी किलोचा दणका, आणि तो नेमका मागे बसलेल्याच्या डोक्याच्या उंचीवर. ती फळी सामान ठेवायला नाहीच. मागच्या सीटवर कुणी बसलेलं नसेल आणि डिकीत जड सामान असेल, तर रिकाम्या सीटचे बेल्टही लावून ठेवा. सीटच्या पाठीला तेवढाच आधार मिळतो.

पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी कधीही ठेवू नका, हे तर हात जोडून सांगतो. ब्रेकखाली बाटली अडकली की पायाला काय वाटतं ते मी एकदा अनुभवलंय. पेडल अर्ध्यावर थांबतं आणि त्याखाली काहीतरी मऊ दबतं. वेग कमी होता म्हणून वाचलो.

देखभालीचं सगळं इथे लिहीत नाही, सर्व्हिसचं वेळापत्रक सगळ्यांकडे असतं. दोनच गोष्टी, ज्या वजनाशी जोडलेल्या आहेत. पहिली ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि जुनं होत जातं तसं कमी तापमानाला उकळायला लागतं. भरलेली गाडी घेऊन लांब उतार उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ते उकळून त्यात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, मग पेडल सरळ खाली जातं. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं आणि उतारावर गिअर खालचा ठेवून इंजिनलाच गाडी धरू द्यायची. दुसरी टायरचं वय. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारा होतो. सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून बघून घ्यावा. स्टेपनीचेही हे चार आकडे बघा. आपण दर आठवड्याला गाडी पुसतो, पण स्टेपनीतली हवा कुणी शेवटची कधी पाहिली? त्या रात्री आमच्या स्टेपनीत हवा होती, यात माझं कर्तृत्व शून्य होतं.

गाडी बंद पडण्याबद्दल. लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, ही खूणगाठ घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याने बांधावी. ऑइलचा लाल दिवा लागला तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" असं म्हणायचं नाही, ताबडतोब सुरक्षित जागी इंजिन बंद. तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. उकाडा होईल, पण इंजिनची उष्णता तिथून बाहेर पडते आणि थांबायच्या जागेपर्यंत पोचता येतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही, आणि झाकण सैल होताच एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास वाट बघून, झाकण हाताला थंड लागल्यावरच.

पंक्चर गाडी थांबवताना लोक (मीसुद्धा) टायर वाचवायला बघतात. नका वाचवू. टायर जाऊ दे, रिम वाकली तरी चालेल, पण सपाट, टणक आणि रहदारीपासून लांब जागा मिळेपर्यंत चारही इंडिकेटर लावून सावकाश पुढे जा. मग माणसं आधी बाहेर, रहदारी नसलेल्या बाजूच्या दारांनी, आणि थेट कठड्यापलीकडे. बंद गाडीत बसून राहायचं नाही आणि तिच्या मागे तर मुळीच उभं राहायचं नाही.

त्रिकोण किती लांब ठेवायचा, यावरून घरात वाद झाला होता, म्हणून मी हिशोब करून दाखवला. ताशी १०० ने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. ५० मीटरवर त्रिकोण म्हणजे त्या ड्रायव्हरच्या हातात दोन सेकंदसुद्धा नाहीत. हायवेवर किमान १०० मीटर, साधारण दीडशे पावलं, आणि वळण असेल तर वळणाच्या आधी. ठेवायला जाताना त्रिकोण उघडून छातीसमोर धरून, रस्त्याच्या कडेच्याही कडेने चालायचं.

आता आमचा त्रिकोण, चमकणारी दोन जाकिटं आणि एक टॉर्च पुढच्या सीटखाली असतात. जॅक आणि पानाही प्रवासाच्या दिवशी तळातून काढून डिकीच्या कोपऱ्यात घट्ट बांधून ठेवतो. मुलगा बॅगा ठेवताना विचारतो, "बाबा, आधी हे ना?" हो, आधी ते.

त्या रात्री पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. कडेची माती मऊ होती, जॅक लावला तर तो तिरपा होऊन आत रुतायला लागला. उतरवला, गाडी पहिल्या गिअरमध्ये वीस-पंचवीस मीटर पुढे टणक जागी नेली. हँडब्रेक ओढला, समोरच्या चाकाला दगड लावला. नट चाक जमिनीवर असतानाच सैल केले, हवेत उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरू शकते. स्टेपनी काढून आधी गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवली, म्हणजे जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल, माझ्या हातावर नाही. पंक्चर चाक निघाल्यावर स्टेपनीच्या जागी ते गाडीखाली सरकवून स्टेपनी बाहेर घेतली. नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळले, गाडी खाली टेकवून पुन्हा एकदा. टपावरच्या बॅगा उतरवून वडील आणि बायको त्या घेऊन बसने पुढे गेले. मी मुलांना घेऊन ताशी साठच्या वर न जाता निघालो. पन्नास किलोमीटरनंतर पंपाच्या उजेडात थांबून पाना पुन्हा लावला. पाचांपैकी दोन नट अजून पाव फेरा फिरले.