लिव्हरला ‘शेक’ दिला की माणूस जातो?

परभणी-हिंगोलीकडच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या ग्रुपांवर ‘शेक’ म्हणजे रेडिएशनबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘कॅन्सर लिव्हरला गेला की सगळं संपलं. शेक देऊ नका, लिव्हर जळतं, माणूस महिन्यात जातो. घरी आणा, गुळवेलीचा काढा पाजा.’

‘लिव्हर जळतं’ ही भीती हवेतली नाही. सगळ्या लिव्हरला रेडिएशन दिलं तर साधारण ३० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) याच्या पुढं ते निकामी व्हायचा धोका वाढत जातो, आणि गाठ मारायला तेवढा डोस पुरत नाही. म्हणून पूर्वी डॉक्टर लिव्हरच्या वाटेला फारसे जात नसत. एसबीआरटी म्हणजे गाठीवरच नेम धरून द्यायचं रेडिएशन; त्यात मात्र अनेक कोनांतून बारीक किरण सोडतात. ते जिथं एकत्र येतात तिथंच खरा मार बसतो. तीन ते पाच वेळांत उरकतं. निदान ७०० सीसी निरोगी लिव्हर वाचतंय का, हे आधी मोजतात. हिशेब जमला नाही तर डोस उतरवतात, नाहीतर देतच नाहीत. खरी कटकट श्वासाची. प्रत्येक श्वासाला लिव्हर वर-खाली होतं. मग पोटावर पट्टा आवळतात, किंवा ‘श्वास धरा’ म्हणतात आणि धरलेल्या श्वासापुरतीच मशीन चालवतात.

‘सगळं संपलं’ हेही सरसकट खरं नाही. आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये एक-दोन गाठींपुरता असेल तर ऑपरेशननं काहीजण बरे होतात. ऑपरेशन झेपणार नसेल तर एसबीआरटीचा विचार होतो. शरीरात पाचपर्यंत पसरलेल्या गाठी असणाऱ्या ९९ रुग्णांच्या, २०२० साली छापलेल्या अभ्यासात गाठींवर असं रेडिएशन घेतलेले सुमारे ४२ टक्के पाच वर्षांनी हयात होते, न घेतलेले १८ टक्के. गाठी फक्त लिव्हरच्या नव्हत्या, आणि रेडिएशन घेतलेल्या ६६ जणांतले तिघं उपचारामुळंच दगावले, हेही सांगायला हवं. लिव्हरभर गाठी पसरल्यावर हा उपाय नाही. महिन्यात जाणारे बहुधा याच अवस्थेतले असतात. दोष मात्र शेकाच्या माथी.

राहिला काढा. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेपही घेतला. वाद चालू राहो. पण रेडिएशनआधी रक्तातलं बिलिरुबिन (लिव्हर बिघडलं की वाढणारं, कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) तपासतात, आणि ते चढलेलं निघालं तर तारीख पुढं जाते. संभाजीनगरला आमखासजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात फाईल दाखवायला निघालात, तर काढ्याची बाटलीही पिशवीत टाका आणि डॉक्टरांपुढं ठेवा.